पॅट्रिक गेडिस : शहराची नाडी तपासणारे प्राध्यापक



परिसर अभ्यास शिकवताना आपण नकाशावर गावाची हद्द दाखवतो. मुलंही पेन्सिलीने ती रेघ छान गिरवतात. पण पाणी, कचरा, घरं आणि कामाला जाणारी माणसं ही रेघ कुठं मानतात? शंभर वर्षांपूर्वी हे जगाला पटवून सांगणाऱ्यांत पॅट्रिक गेडिस यांचं नाव मोठं आहे. ते आपल्या मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलटर गावचा. वडील सैन्यात होते. लंडनला हक्सलेंसारख्या नामवंत शास्त्रज्ञाकडे ते जीवशास्त्र शिकले, पण पदवी काही घेतली नाही! १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत खिडकीच्या तावदानांवरून हात फिरवताना त्यांना चौकटी करून विचार मांडायची युक्ती सुचली. पुढे आयुष्यभर ते कागदाला घड्या घालून, चौकोन पाडून विचार करत राहिले.

१८८६ मध्ये अॅना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं आणि हे जोडपं राहायला गेलं कुठं, तर एडिंबरोच्या जुन्या भागातल्या कोंदट चाळवजा इमारतीत. उंच इमारती, अरुंद बोळ, एकेका खोलीत अख्खं कुटुंब. दोघांनी शेजाऱ्यांना बरोबर घेऊन झाडलोट केली, भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडं ठेवली. सगळी वस्ती पाडून टाका म्हणणारे तेव्हाही होतेच. गेडिस यांचं म्हणणं वेगळं होतं. वस्ती पाडली की गरीब माणूस हवेत विरत नाही, तो शेजारच्या गल्लीत जाऊन आणखी दाटीने राहतो. म्हणजे गर्दी कमी झालीच नाही, फक्त जागा बदलली. त्यापेक्षा अगदी मोडकळीला आलेली दोन-चार घरं काढा, हवा-उजेडाला वाट द्या, बाकीची दुरुस्त करा. डॉक्टर अख्खा पाय कापण्याऐवजी गळू तेवढं कापतो ना, तसं.

१८८८ पासून ते डंडी इथं वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक होते. नोकरी वनस्पतींची आणि जीव शहरांत! १९१५ मध्ये त्यांचं शहरांवरचं पुस्तक आलं. ब्रिटनचा लोकसंख्येचा नकाशा पाहताना त्यांना दिसलं की कोळशाच्या पट्ट्यात गावं वाढत वाढत एकमेकांना चिकटली आहेत. कागदावर नगरपालिका वेगवेगळ्या, जमिनीवर मधे मोकळं रानच उरलेलं नाही. प्रत्येक नगरपालिका आपापल्यापुरतं बघणार, पण पाणी मात्र सगळ्यांना त्याच डोंगरातून हवं. अशा गावांच्या पुंजक्याला त्यांनी ‘कॉनर्बेशन’ हा नवा शब्द दिला. ग्लासगो आणि एडिंबरो यांचाही विचार एकत्र करावा असं त्यांनी सुचवलं. त्या दोन शहरांची आपसांतली चुरस माहीत असणाऱ्यांना हे किती धाडसाचं होतं ते कळेल.

मुलांना हा शब्द समजावायला आपल्याकडे मुलुंड चेकनाका आहे. अलीकडे मुंबई महापालिका, पलीकडे ठाणे महापालिका. वस्ती सलगच. आज मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत, आणि त्यांचा एकत्र विचार व्हावा म्हणून १९७५ मध्ये एमएमआरडीए स्थापन झाली. एका पालिकेने इमारती वाढवल्या तर लोकलची गर्दी आणि धरणाच्या पाण्याची ओढ शेजारच्यालाही भोगावी लागते, हे पालकांना वेगळं सांगायला नको.

१९१४ मध्ये गेडिस भारतात आले. त्यांचं शहरांविषयीचं नकाशे-चित्रांचं प्रदर्शन ज्या जहाजात होतं ते जर्मनांच्या ‘एमडेन’ युद्धनौकेने बुडवलं. मित्रांनी नवीन साहित्य जमवून पाठवलं आणि काम सुरू राहिलं. १९१७ साल त्यांच्यासाठी फार वाईट गेलं. थोरला मुलगा अॅलिस्टर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. अॅना इथं भारतात आजारी होत्या, म्हणून गेडिस यांनी ही बातमी त्यांना कळूच दिली नाही. थोड्याच आठवड्यांत त्याही गेल्या.

त्याच सुमारास होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगने लोक हैराण झाले होते. गेडिस यांनी एका दिवसापुरता महाराजांचा मान मागून घेतला आणि दिवाळीची मोठी मिरवणूक काढली. मिरवणूक कुठून जाणार? ज्या रस्त्यावरची घरं सगळ्यांत स्वच्छ असतील तिथून! मग काय, घरोघरी कचरा निघाला, तो फुकट उचलला गेला, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत सफाई कामगार शुभ्र कपड्यांत, मानाने चालले. शेवटी राक्षस आणि भला मोठा उंदीर यांचे पुतळे जाळले. (वर्गात सांगताना एक काळजी घ्या: मिरवणुकीने प्लेग पळाला असं मुलांना वाटू नये. उंदीर आणि त्यांच्या पिसवा हे कारण आधी सांगावं.) नगरपालिकेचा हुकूम जे करू शकला नाही ते लोकांनी आपणहून केलं, मला यातलं हेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. पुढे मोठे समाजशास्त्रज्ञ झालेले गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. गेडिस यांची शिकवायची पद्धत म्हणजे आधी पायी फिरा, बघा, लोकांशी बोला आणि मग नकाशा काढा.

१९२५ मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा केला. फ्रान्सच्या माँपेल्ये गावात त्यांनी शेवटची वर्षं एक विद्यार्थी-निवास आणि बाग उभी करण्यात घालवली. तिथंच १७ एप्रिल १९३२ रोजी त्यांचं निधन झालं.