कल्याणची यमुना आणि प्रवेशाच्या अटी



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा फोन आला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात असे आधी वाटले. पण सहल, छड्या आणि स्नेहसंमेलन यांवर बरेच जण लिहिणार, हे ठाऊक होते. म्हणून मी आपल्याच लोहमार्गावरच्या एका मुलीची गोष्ट निवडली. कसाऱ्याहून लोकलने सव्वा तासावर असलेल्या कल्याणची ही मुलगी. तिचे नाव आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात वाचले आहे, पहिली महिला डॉक्टर म्हणून एका गुणाच्या प्रश्नात लिहिलेही आहे. तिच्यापुढे प्रवेशाच्या कोणत्या अटी होत्या, हे मात्र मला फार उशिरा, टपालखात्यातून निवृत्त झाल्यावर वाचताना कळले.

१ जानेवारी १८६५ रोजी कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला लोहमार्ग सुरू झाला. त्याच वर्षी ३१ मार्चला कल्याणच्या गणपतराव जोशी यांना मुलगी झाली. तिचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव मूळ संगमनेरचे, टपालखात्यात कारकून, वयाने तिच्यापेक्षा बरेच मोठे आणि विधुर. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळरावांचा एकच हट्ट होता, बायकोने शिकले पाहिजे. त्या काळी नवरे बायकोने पुस्तक हातात घेतले म्हणून रागवत. हे न घेतल्याबद्दल रागवत. आनंदीबाईंनी या अभ्यासापायी मारही खाल्ला. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला पाठवलेल्या पत्रात त्यांनी ते स्पष्ट लिहिले आहे. गोपाळरावांचे उपकार आणि त्यांची जबरदस्ती, दोन्ही त्यांनी लपवले नाही. आपणही एकच बाजू सांगू नये.

चौदाव्या वर्षाच्या आसपास त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरला हातही लावू देत नसत, आणि बाई डॉक्टर तर कोणी नव्हतीच. आपण डॉक्टर व्हायचे, हे आनंदीबाईंच्या मनाने तेव्हा घेतले. आपल्याकडे आजही पावसाळ्यात एखाद्या पाड्यावरच्या अडलेल्या बाईला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. त्यामुळे हे दुःख जुन्या काळचे आहे, असे निदान कसाऱ्याच्या माणसाला तरी वाटणार नाही.

आता अटींकडे येऊ. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षणाचा दरवाजा मॅट्रिकच्या परीक्षेतून उघडू लागला. मुली त्या परीक्षेलाच बसत नसत, तर पुढचे काय बोलायचे? मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून काही स्त्रियांना घेतले होते. पण १८८२ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजने मुलींना प्रवेश नाकारला आणि तिथल्या दोघींना मद्रास गाठावे लागले. स्त्रियांना येऊ देऊ नये असा एखादा कायदा होता असेही नाही. अर्ज पुरुषच करणार, हे सर्वांनी धरून चालले होते. लिहिलेली अट निदान वाचता तरी येते, न लिहिलेल्या अटीशी भांडायचे कसे?

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग कलकत्ता आणि श्रीरामपूर. टपालखात्यातल्या माणसाला बदली म्हणजे काय, हे मी जाणतो. बिऱ्हाड मोडायचे, मांडायचे, आणि दर वेळी नव्या गल्लीतल्या नव्या नजरा. पुस्तके घेऊन रस्त्याने चालणारी ब्राह्मणाची सून पाहायला लोक थांबत, टोमणे मारत.

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून, पत्नीला अमेरिकेत शिकवायची इच्छा कळवली. उत्तराचा रोख असा होता, की आधी ख्रिस्ती व्हा. ही आणखी एक अट. जोशी दांपत्याने ती मानली नाही. हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवले. एकमेकींना कधी न पाहिलेल्या दोन बायका मावशी-भाचीसारख्या पत्रे लिहू लागल्या. टपालाची पिशवी उचलताना मला नंतर बऱ्याचदा या पत्रांची आठवण यायची.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई भाषणाला उभ्या राहिल्या. वय अठराही पूर्ण नव्हते. अमेरिकेला का जाते, इथे शिकायची सोय का नाही, एकटी का जाते, धर्म बदलणार का, जातीतून वाळीत टाकले तर काय, अशा लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा बरोबर नव्हता. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा कार्पेंटरबाई न्यायला आल्या होत्या.

फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० साली फक्त स्त्रियांना वैद्यक शिकवण्यासाठी स्थापन झाले होते. आनंदीबाईंनी तिथे अर्ज केला. या अर्जासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. प्रवेशासाठी कॉलेजने ठरवलेल्या सगळ्या अटी आपण पूर्ण करू शकत नाही, हे त्यांनी अर्जातच कबूल केले. खोटा दाखला जोडला नाही की येत नसलेला विषय येतो असे सांगितले नाही. आपले प्रकरण वेगळे आहे, ते तसे समजून घ्यावे, अशी विनंती केली. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचे आहे, आणि सगळ्यांचा विरोध सोसून इथवर येण्याची जिद्द माझ्याकडे आहे, असा त्या पत्राचा आशय होता.

कॉलेजच्या डीन रेचल बॉडली या स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला. शिष्यवृत्तीही मिळाली. अटी रद्द झाल्या नव्हत्या. अट कशासाठी ठेवतात, तर येणारी मुलगी अभ्यास झेपवू शकेल का हे पाहण्यासाठी. ते दुसऱ्या मार्गाने दिसत असेल तर कागदावर अडू नये, एवढे त्यांना कळले.

मात्र आत गेल्यावर सूट नव्हती. शरीरशास्त्र, रसायन, औषधे, प्रसूतिशास्त्र सगळे इतरांबरोबर शिकायचे, परीक्षा द्यायच्या, शेवटी प्रबंध लिहायचा. थंडीच्या देशात साडी नेसून, आपले अन्न आपण करून त्यांनी तीन वर्षे काढली. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली यांच्यासोबतचा त्यांचा १८८५ चा फोटो तुम्ही पाहिला असेल. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोचले होते.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या विभागाची जागा देऊ केली. पण क्षयाने शरीर पोखरले होते. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईला उतरल्या त्या आजारीच. कोल्हापूरला रुजू होणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर बाकी होता. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी त्यांच्या घरच्या दफनभूमीत ती आजही आहे.

मग साधले काय, असे कोणी विचारेल. एकही रोगी न तपासता गेलेली डॉक्टर! पण त्या बोटीत बसल्या त्याच १८८३ साली ग्रँट मेडिकल कॉलेजने स्त्रियांना दार उघडले. ते आनंदीबाईंमुळे उघडले असे मी म्हणणार नाही, त्यामागे मुंबईतल्या मंडळींनी उभारलेला निधी आणि खटपट होती. १८८६ मध्ये बायकामुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला शिकायला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी अनेक वर्षे रोगी तपासले. मुंबई प्रांतात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा आला तो १९१२ मध्ये. त्यानंतर पदवीबरोबर रजिस्टरमधले नावही महत्त्वाचे झाले. त्या रजिस्टरात स्त्रियांची नावे येणार, हे तोवर कोणाला नवलाचे उरले नव्हते.

मित्रांनो, आपल्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, विज्ञानात नेहमी पुढे असणारी एक मुलगी होती. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखाल. तिला डॉक्टर व्हायचे होते. नववीच्या सुट्टीत तिचे लग्न झाले आणि जूनमध्ये तिची जागा रिकामी होती. तिला कोणी अर्जच दिला नाही. आपल्यापैकी कोणी तिच्या घरी गेले नाही. मीही गेलो नाही.

आज ‘नीट’ची परीक्षा आहे, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, त्याची वैधता, उत्पन्नाचा दाखला आहे. यातल्या बऱ्याच अटींना कारण आहे, काहींमुळे तर आपल्या पाड्यांवरच्या मुलांना जागा मिळते. पण त्या पूर्ण करायला तारखा कळाव्या लागतात, कचेरीत खेपा घालाव्या लागतात, आणि पहाटेच्या लोकलने कोणीतरी सोबत जावे लागते. आनंदीबाईंना गोपाळराव, कार्पेंटरबाई आणि बॉडलीबाई भेटल्या. गुणवत्ता त्यांची स्वतःची होती, पण दार कोणीतरी धरून ठेवले होते.

या मेळाव्याला आपण वर्गणी काढतोच आहोत. माझी सूचना एवढीच, की त्यातून शाळेत एक फळा आणि एक टेबल ठेवावे. फळ्यावर प्रवेशाच्या तारखा, आणि टेबलाशी दर शनिवारी आपल्यापैकी कोणीतरी एक. अर्ज भरणे, दाखले लावणे, कोणाबरोबर शहापूरला किंवा कल्याणला जाणे, एवढेच काम. मी टपालखात्यात आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज पोचवले. पहिला शनिवार माझा धरा.

– आपला एक वर्गमित्र