जिलेटचे पाते आणि पहिल्या रेझरची निवड

मिसरूड फुटले की घरात पहिल्या रेझरचा विषय निघतो. यवतमाळच्या बाजारपेठेत असो की दारव्हा, पुसद, वणीच्या जनरल स्टोअरमध्ये, बहुतेक जण दांड्याची किंमत विचारतात. पण दांडा एकदाच घ्यायचा असतो. खर्च होतो तो पात्यावर, आणि त्वचेला लागते तेही पातेच. हे गणित ज्याने जगाला शिकवले, त्या किंग कॅम्प जिलेटची जीवनकथा पहिला रेझर घेणाऱ्याच्या आजही उपयोगी पडते.

जिलेटचा जन्म 5 जानेवारी 1855 रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. पुढे कुटुंब शिकागोला गेले. 1871 मध्ये त्या शहराला लागलेल्या भीषण आगीत वडिलांचा धंदा खाक झाला आणि किंगला लहान वयातच कामाला लागावे लागले. तो फिरता विक्रेता झाला. गावोगाव माल विकता विकता लहानमोठे शोध लावण्याचा नाद त्याने सोडला नाही.

1890 च्या दशकात तो विल्यम पेंटर यांच्या कंपनीत विक्रेता होता. सोड्याच्या बाटलीला लागणारे कडा दुमडलेले पत्र्याचे बूच या पेंटर यांचेच. लोक एकदा वापरून फेकतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील अशी वस्तू शोध, असा सल्ला त्यांनी जिलेटला दिला. जिलेटच्या डोक्यात तो पक्का बसला.

त्या काळी दाढीसाठी उघडा वस्तरा सर्रास वापरला जाई. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी 1880 मध्ये संरक्षक कडा असलेला ‘स्टार’ रेझर आणला होता. त्याचे पाते एकधारी आणि जाड, वस्तऱ्याचा तुकडा कापून घ्यावा तसे. कापण्याची भीती कमी झाली, पण धार लावण्याची कटकट तशीच राहिली. पाते चामड्याच्या पट्ट्यावर घासावे लागे आणि अधूनमधून कारागिराकडे द्यावे लागे. 1895 मध्ये एका सकाळी स्वतःचा रेझर बोथट झालेला पाहून जिलेटला वाटले, की धार लावण्यापेक्षा पातेच इतके पातळ आणि स्वस्त करावे, की बोथट झाले की फेकून देता येईल.

कल्पना सोपी होती, पोलाद मात्र ऐकेना. इतक्या पातळ पत्र्याला धार धरेल असे पाणी देता येणार नाही, असे जाणकार सांगत. सहा वर्षे अशीच गेली. अखेर विल्यम निकरसन या अभियंत्याने पातळ पट्टीला कडक करण्याची आणि धार लावण्याची यंत्रे बनवली. 1901 मध्ये कंपनी स्थापन झाली. 1903 या विक्रीच्या पहिल्या वर्षी अवघे 51 रेझर आणि 168 पाती खपली. पुढच्या वर्षी रेझरचा आकडा 90 हजारांपुढे गेला. 15 नोव्हेंबर 1904 रोजी पेटंट मिळाले.

रेझर फुकटात वाटायचा आणि पात्यावर कमवायचे, ही युक्ती जिलेटच्या नावावर सांगितली जाते. प्रत्यक्षात सुरुवातीला घडले ते उलटेच. पेटंट हाती असेपर्यंत त्याचा रेझर पाच डॉलरला विकला जाई. त्या काळच्या कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीतला तो मोठा हिस्सा होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी 35 लाख रेझर आणि 3 कोटी 20 लाख पाती घेतली. युद्ध संपल्यावर लाखो तरुण ही सवय घेऊनच घरी परतले. 1921 मध्ये पेटंटची मुदत संपताच जुन्या धर्तीचा रेझर एका डॉलरला मिळू लागला, आणि इतर कंपन्याही त्यात बसणारी पाती विकू लागल्या.

सामान्य ग्राहकाचा फायदा झाला तो इथे. आज कोणत्याही कंपनीचे दुधारी पाते कोणत्याही कंपनीच्या दुधारी रेझरमध्ये बसते. एका पात्याला काही रुपये पुरतात. याउलट तीन-चार पात्यांच्या काडतुसाचा दांडा स्वस्त असला, तरी त्यात त्याच कंपनीचे महागडे काडतूस लागते. म्हणून पहिला रेझर घेताना दांड्याची किंमत पाहण्याआधी त्याची पाती गावातल्या दुकानात मिळतात का आणि वर्षाला किती लागतील, हा हिशेब मांडावा.

त्वचेच्या दृष्टीनेही साधे पाते बरे. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिले पाते केस ओढते आणि मागचे तो त्वचेच्या पातळीखाली कापते. कुरळ्या केसांच्या दाढीत असा केस आतल्या आत वाढतो आणि पुटकुळ्या येतात. एका वेळी एकच धार फिरली की हा त्रास कमी होतो. नवशिक्याने पाते फार बाहेर न येणारा, संरक्षक कडेचा, सुटा करून धुता येणारा आणि ओल्या हातातून न निसटणारा रेझर घ्यावा. सलूनमधल्या उस्तऱ्यात दुधारी पात्याचा अर्धा तुकडा बसवतात. तो खरा एकधारी. पण त्याला संरक्षक कडा नसते, म्हणून तो सरावलेल्या हातातच शोभतो.

दाढीआधी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने केस भिजवावेत, साबणाचा फेस करावा आणि न दाबता केसांच्या दिशेने रेझर फिरवावा. पाते ओढू लागले की बदलावे. नंतर तुरटी फिरवली तर बारीक जखमेचे रक्त थांबते. मधुमेह असलेल्यांनी जखमेकडे दुर्लक्ष करू नये, आणि पुटकुळ्यांत पू झाला तर डॉक्टरांना दाखवावे.

एक पाते दोघांनी वापरू नये, मग ते सख्खे भाऊ का असेनात. हिपॅटायटिस बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस टिकतो आणि न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही पसरतो. सलूनमध्येही आपल्यासमोर नवे पाते लावायला सांगण्यात संकोच नको.

ज्याचे चित्र असलेली पाकिटे जगभर पोहोचली, तो जिलेट मनाने मात्र वेगळाच होता. 1894 मध्येच त्याने पुस्तक लिहून धंद्यातील स्पर्धेवर टीका केली होती. स्पर्धेमुळे श्रम वाया जातात, सगळे उद्योग समाजाच्या मालकीच्या एका महामंडळाने चालवावेत, असे त्याचे स्वप्न होते. ते कागदावरच राहिले. शेअर बाजार कोसळल्यावर त्याच्या संपत्तीचा बराच भाग गेला. 9 जुलै 1932 रोजी कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले.

वाया जाण्यावर टीका करणाऱ्या या माणसाने जगाला दिली ती मात्र फेकून देण्याची वस्तू. फेकलेले पाते कचरा उचलणाऱ्याचा हात कापू शकते. म्हणून पहिल्या रेझरसोबत झाकणाचा एक रिकामा डबा बाजूला काढावा, झाकणाला फट पाडून त्यात वापरलेली पाती टाकावीत, आणि भरल्यावर तो चिकटपट्टीने बंद करून ‘धारदार पाती’ असे लिहून कचरागाडीवर वेगळा द्यावा.