मोळीवालीपासून महाराणीपर्यंत : चित्रकार धुरंधरांची गोष्ट

दिंडोरी : वणीच्या बाजारात पाटी घेऊन बसलेली बाई, द्राक्षबागेत खुडणीला आलेली पेठ-सुरगाण्याकडची पोर, गडावर पायी निघालेल्या आयाबाया. यांची चित्रं काढावीत असं आज कुणाला वाटलं तर नवल नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र मोठे चित्रकार देवदेवता नाहीतर राजेरजवाडे रंगवायचे. त्या काळात कष्टकरी बाईकडे निरखून बघणारा एक मराठी माणूस होता, रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर.

१८ मार्च १८६७ ला कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. १८९० साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेव्हा तिथे मुख्य होते जॉन ग्रिफिथ्स, म्हणजे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेणारे तेच साहेब. विद्यार्थी म्हणून आलेला हा पोरगा पुढे तिथेच शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला आणि १९३० मध्ये कलाशाळेचा प्रभारी संचालकही. इंग्रजांच्या राज्यात त्या खुर्चीवर बसलेला हा पहिलाच भारतीय. १९३१ ला निवृत्त झाले तेव्हा त्या एका इमारतीत ४१ वर्षं गेली होती. आठवणींच्या पुस्तकाचं नावही त्यांनी तेच ठेवलं, ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’.

१८९५ साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. चित्राचं नाव, ‘आलीस का लक्ष्मी?’ नाव ऐकूनच आपल्याकडच्या बायांना गौरी आठवतील! पण घरची लक्ष्मी त्यांना फार दिवस लाभली नाही. पहिली पत्नी बापूबाई प्लेगच्या काळात गेल्या. पुढे गंगूबाईंशी लग्न झालं. धुरंधरांनी त्यांची कितीतरी रेखाटनं केली, साध्या घरगुती कामातली.

त्यांची बाई ओळखायची कशी? लुगड्यावरून. कासोटा कसा, पदर कुठून घेतलाय, डोक्यावरचं ओझं कोणत्या हातानं सावरलंय, हे सगळं बरोबर. मुंबईच्या रस्त्यावरची माणसं त्यांनी पोस्टकार्डांवर आणली, तीही थोडी गंमत करत. १९१४ मध्ये किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या वारांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या, त्यातली चित्रं धुरंधरांची. श्रावणात आजी सांगायची ना, त्याच कहाण्या.

१९२० साली ऑटो रॉथफेल्ड या दुसऱ्या अधिकाऱ्याचं भारतातल्या स्त्रियांवरचं पुस्तक आलं. त्यात धुरंधरांची ४८ रंगीत चित्रं. राजघराण्यातल्या बायका आहेत, मध्यमवर्गातल्या आहेत, नाचणाऱ्या आहेत, आणि कष्टकरी व आदिवासी स्त्रियांसाठी वेगळं प्रकरण आहे.

इथे एक गोष्ट खटकते, ती सांगितलीच पाहिजे. अशा पुस्तकांत बाईला तिचं स्वतःचं नाव नसतं. जात, गाव नाहीतर धंदा, एवढीच तिची ओळख. साहेबाला माणसांचे नमुने हवे होते आणि चित्रकार त्यांच्याच नोकरीत होता. तरीही चित्रं बघितली की जाणवतं, धुरंधरांनी गरीब बाईला केविलवाणी केली नाही. ती ताठ उभी आहे. आपल्या भागातल्या कोकणा, वारली, महादेव कोळी आज्यांचे शंभर वर्षांपूर्वीचे फोटो कुणाच्या घरात आहेत? म्हणून असल्या चित्रांची किंमत आपल्याला जास्त.

औंधच्या संग्रहालयासाठी त्यांनी शिवराज्याभिषेकही रंगवला. दिल्लीच्या सचिवालयातही भिंतीवर चित्रं केली. मोठी कामं खूप झाली, त्यांची यादी इथे नको.

मुलीला मात्र त्यांनी नुसतं चित्रात बसवलं नाही, हातात कुंचला दिला. अंबिका १९१२ ची. जे. जे. मध्ये शिकून १९३१ साली तिनं चित्रकलेची पदविका घेतली, बहुतेक मुलींची शाळाच सुटायची तेव्हा. १ जून १९४४ ला धुरंधर गेले. खारच्या ‘अंबासदन’ या घरात वडिलांची हजारो चित्रं अंबिकाबाईंनी पुढची साठेक वर्षं जपली.