डॉक्टर होसोकावा हाजिमे

जपानच्या दक्षिणेस क्यूशू नांवाचें बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका शांत उपसागराच्या कांठीं, मिनामाता हें गांव वसलें आहे. तेथील कोळी कुटुंबांचें रोजचें अन्न म्हणजे मासळी. आणि गांवांतील पुष्कळांच्या पोटाची सोय करणारा म्हणजे चिस्सो कंपनीचा प्रचंड रासायनिक कारखाना. या कारखान्याच्या इस्पितळाचे मुख्य डॉक्टर होसोकावा हाजिमे यांची हकीकत विद्यार्थिमित्रांस सांगावयाची आहे.

त्यांचा जन्म १९०१ सालीं एहिमे प्रांतांत झाला. टोकियोच्या विद्यापीठांत वैद्यकाचें शिक्षण घेऊन पुढें ते या कंपनीच्या नोकरींत शिरले. १९५६ च्या एप्रिलमध्यें सुमारें सहा वर्षांची एक मुलगी त्यांच्या इस्पितळांत आली. तिला नीट चालवेना, बोलवेना, घांस गिळवेना. पाठोपाठ तिची धाकटी बहीण व शेजारचीं माणसेंही त्याच व्याधीनें आजारी पडलीं. होसोकावांच्या इस्पितळानें १ मे रोजीं या अपरिचित मज्जातंतुरोगाची वर्दी आरोग्य-कचेरीस दिली. गांवांतलीं मांजरें तर त्याआधींच वेड्यासारखीं गरगर फिरून मरूं लागलीं होतीं.

कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनीं १९५९ च्या जुलैंत पाऱ्याकडे बोट दाखविलें. कारखान्यांत ॲसिटाल्डिहाइड तयार करतांना पारा वापरीत. त्याचा कांहीं अंश मिथिल-पारा या जहाल रूपांत सांडपाण्यावाटे उपसागरांत जाई. तो सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत, असा सांठत सांठत माणसाच्या ताटांत येई. होसोकावांनीं तेंच सांडपाणी अन्नांत कालवून एका मांजरास चारलें. चारशें क्रमांकाच्या त्या मांजरास ऑक्टोबरांत झटके येऊं लागले. ही गोष्ट त्यांनीं वरिष्ठांच्या कानांवर घातली. वरिष्ठांनीं तो प्रयोग थांबविला. आणि होसोकावा गप्प राहिले. वैद्याच्या व्रताहून चाकरीची निष्ठा त्यांनीं त्या वेळीं मोठी मानली. चरित्र लिहितांना हें लपविण्यांत अर्थ नाहीं, कारण कारखान्याचा पारा त्यानंतरही १९६८ पर्यंत समुद्रांत जातच होता.

या विषाचा सर्वांत क्रूर आघात ज्यांवर झाला त्यांनीं माशाचा एक घांसही खाल्ला नव्हता. त्या कोळीवाड्यांत कांहीं मुलें जन्मतःच पंगु निपजलीं. त्यांची मान धरेना, हातपाय वांकडे होत, वाचा फुटेना. डॉक्टर म्हणत, हा मेंदूचा नेहमींचा पक्षाघात. कारण आईच्या रक्तांतील विष गर्भाची वार अडविते अशी तेव्हां समजूत होती. शिवाय या आया बहुधा धडधाकट दिसत. पण त्यांना स्वतःला संशय नव्हता. आपल्या पोटचें विष लेकरानें ओढून घेतलें, म्हणून आपण वांचलों, असें त्या कुमामोतोच्या हारादा मासाझुमी या तरुण डॉक्टरास सांगत. त्या अशिक्षित, पण खरें त्यांनाच कळलें होतें! मिथिल-पारा प्रथिनांच्या एका घटकास चिकटतो. शरीर त्यास पोषक द्रव्य समजून वारेंतून आंत नेतें, आणि आईच्या रक्ताहून बाळाच्या रक्तांत तो अधिक सांठतो. मोठ्या माणसाच्या मेंदूचे कांहीं भागच त्यानें नासतात; घडत असलेला मेंदू मात्र सर्वत्र दुखावतो. एका मृत मुलीच्या शवपरीक्षेनंतर १९६२ च्या नोव्हेंबरांत सोळा मुलांचा रोग जन्मजात मिनामाता रोग म्हणून मान्य झाला.

त्याच वर्षीं होसोकावा नोकरी सोडून एहिमेस परतले. १९६९ सालीं रोग्यांनीं कंपनीवर फिर्याद केली. पुढें होसोकावा कर्करोगानें ग्रासले. १९७० च्या जुलैंत टोकियोच्या इस्पितळांत, बिछान्याशेजारीं त्यांची साक्ष झाली, आणि अकरा वर्षांपूर्वींची त्या मांजराची हकीकत त्यांनीं सांगितली. ऑक्टोबरांत ते वारले. १९७३ च्या मार्चमध्यें न्यायालयानें कंपनीस दोषी ठरविलें.

एक पुरावा मात्र त्यांच्या पश्चात् पुढें आला. जपानांत बाळाची वाळलेली नाळ आई लहानशा डबींत जपून ठेवते. मिनामाताच्या आयांनीं त्या डब्या बाहेर काढल्या. संशोधकांनीं नाळा तपासल्या, तेव्हां ज्या वर्षांत कारखान्याचें उत्पादन वाढलें होतें, त्या वर्षांतल्या नाळांत पाराही वाढलेला आढळला.