जॉर्ज सायमन ओहम

विजेचा दिवा किती प्रखर जळावा, यंत्रातून किती प्रवाह वाहावा, हे आज आधी गणित करून ठरविता येते. या गणिताचा पाया ज्याने घातला, तो एका शाळेतील शिक्षक होता. त्याचे नाव जॉर्ज सायमन ओहम.

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. त्याचे वडील कुलपे बनविण्याचा धंदा करीत. त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने गणित व विज्ञान यांचे ज्ञान मिळविले आणि ते मुलांना दिले. जॉर्ज दहा वर्षांचा असताना त्याची आई वारली. पुढे तो विद्यापीठात गेला. परंतु तेथे अभ्यासापेक्षा नृत्यात व खेळात त्याचा अधिक वेळ जाऊ लागला. वडिलांना हे रुचले नाही. त्यांनी त्याला स्वित्झर्लंडमध्ये धाडले. तेथे तो एका शाळेत गणित शिकवू लागला व फावल्या वेळी स्वतः अभ्यास करू लागला. १८११ साली एर्लांगेनला परतून त्याने डॉक्टरची पदवी मिळविली.

१८१७ साली कोलोन येथील शाळेत त्याची नेमणूक झाली. तेथे चांगली प्रयोगशाळा होती. तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की जवळची चुंबकसूची हलते, हे १८२० साली अर्स्टेडने दाखविले होते; पण तारेची लांबी वाढविली असता प्रवाह नेमका किती घटतो, हे कोणास ठाऊक नव्हते. वडिलांकडून लाभलेले हातांचे कसब आता ओहमच्या कामी आले. आपली उपकरणे त्याने स्वतःच बनविली. मात्र त्या काळच्या विद्युद्घटाचा जोर क्षणोक्षणी बदले, त्यामुळे मोजमापे जुळत ना. तेव्हा त्याने बिस्मथ व तांबे या धातूंचे सांधे घेतले. एक सांधा उकळत्या पाण्याच्या उष्णतेत ठेवला, तर दुसरा बर्फात. त्यातून स्थिर प्रवाह मिळाला. मग सारख्या जाडीच्या, पण कमीअधिक लांबीच्या तारा जोडून त्याने सूचीचे विचलन मोजले. दाब वाढला की प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो आणि रोध वाढला की त्याच प्रमाणात घटतो, हा नियम त्याला गवसला. १८२७ साली त्याने तो ग्रंथरूपाने मांडला.

या ग्रंथामुळे विद्यापीठात जागा मिळेल, अशी त्याची आशा होती. ती फोल ठरली. अनेक विद्वानांनी त्याच्या विवेचनाची उपेक्षा केली. खिन्न होऊन त्याने कोलोनची नोकरी सोडली व कित्येक वर्षे किरकोळ शिकवणीवर काढली. १८३३ साली त्याला न्यूरेंबर्ग येथे स्थिर काम मिळाले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक देऊन त्याचा गौरव केला. म्युनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद मात्र १८५२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी लाभले. ६ जुलै १८५४ रोजी तो निवर्तला. १८८१ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोधाच्या एककाचे ‘ओहम’ हे नाव मान्य केले.

आज शिरूर तालुक्यातील केंदूरसारख्या गावीही घरोघरी मोबाइल फोन दिसतात. त्यांतील पट्टीवर बाजरीच्या दाण्याहूनही लहान असे रोधक डाख देऊन बसविलेले असतात. काही यंत्रांतील थोड्या मोठ्या रोधकांवर ‘१०३’ असे आकडे छापतात. त्याचा अर्थ १० वर तीन शून्ये, म्हणजे १०,००० ओहम. समजा, ५ व्होल्टच्या दाबावर २ व्होल्ट लागणारा छोटा दिवा लावावयाचा आहे आणि प्रवाह ०.०१ अँपिअर हवा आहे. उरलेल्या ३ व्होल्टांस ०.०१ ने भागले की ३०० ओहमचा रोधक लागेल, हे कळते. त्यात ०.०३ वॅट उष्णता निर्माण होईल, म्हणून ०.१ वॅट सोसणारा रोधक निवडला तर तो जळत नाही. ज्या नियमाकडे एके काळी विद्वानांनी पाठ फिरविली, त्याच्यावाचून आज इतक्या लहान वस्तूचीही निवड करता येत नाही.