आकड्यांचे सोबती : कापरेकर गुरुजी

(दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे एका शाळेत शिक्षक होते. आकड्यांची कोडी रचण्याचा आणि ती इतरांना सांगण्याचा छंद त्यांनी आयुष्यभर जोपासला. या छंदामुळे एका लहान गावातील शिक्षकाचे नाव जगभर कसे पोहोचले, ते या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला कोडी सोडवायला आवडते ना? उर्दूत आपण ज्याला पहेली म्हणतो, त्यालाच मराठीत कोडे म्हणतात. मधल्या सुट्टीत एखादा मित्र कोडे घालतो. सगळे विचारात पडतात. उत्तर सापडले की केवढा आनंद होतो! मग घरी गेल्यावर तेच कोडे आपण अम्मीला आणि अब्बांना घालतो. धाकट्या भावाला घालतो. कोडे एकट्याने सोडवले तर आनंद होतो, पण ते दुसऱ्याला सांगितले तर तो आनंद दुप्पट होतो. कापरेकर गुरुजींनी जन्मभर हेच केले.

तुम्ही पालघर स्थानकावर गाडीत बसलात आणि उत्तरेकडे निघालात, तर उमरोळी, बोईसर, वाणगाव ही स्थानके मागे पडतात आणि डहाणू रोड येते. या डहाणूत 17 जानेवारी 1905 रोजी कापरेकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील कारकून होते. वडिलांना ज्योतिषाची आवड होती. ज्योतिषात पुष्कळ आकडेमोड करावी लागते. ती पाहता पाहता लहान दत्तात्रेयाला आकड्यांची गोडी लागली. तो आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. पुढे वडिलांनीच त्याचा सांभाळ केला.

कापरेकरांचे माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. शाळेत असताना ते तासन्‌तास गणिताची कोडी सोडवत बसत. लांबलचक हिशेब थोडक्यात कसा करता येईल, हे शोधण्याचा त्यांना नाद होता. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. 1927 साली त्यांना गणितातील स्वतंत्र लेखनासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. 1929 साली ते पदवीधर झाले. त्यापुढचे शिक्षण मात्र त्यांनी घेतले नाही. 1930 पासून ते नाशिकजवळच्या देवळाली येथील शाळेत शिकवू लागले. तेथे त्यांनी 1962 पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे नोकरी केली.

त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. यंत्रे नव्हती. कागद, पेन्सिल आणि आकडे एवढेच त्यांचे साहित्य होते. शाळा सुटली की ते आकड्यांशी खेळत बसत. खेळता खेळता त्यांना आकड्यांच्या गमती सापडत. सापडलेल्या संख्यांना ते छान नावेही देत.

त्यांनी काही संख्यांना हर्षद संख्या असे नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. संख्येतील अंकांची बेरीज करा. त्या बेरजेने मूळ संख्येला पूर्ण भाग गेला, तर ती हर्षद संख्या. कापरेकरांचे जन्मवर्षच पाहा ना! 1905 मधील अंकांची बेरीज 15 होते. 1905 ला 15 ने भागले की 127 येतात आणि बाकी काही उरत नाही. म्हणजे गुरुजींचा जन्मच हर्षद वर्षी झाला!

दुसऱ्या एका प्रकाराला त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले. 23 ही संख्या घ्या. तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज, म्हणजे 5 मिळवा. 28 मिळाले. म्हणून 23 ही 28 ची जनक झाली. आता 20 चा जनक शोधा. 14 घेतले तर 19 येतात, 15 घेतले तर 21 येतात. कितीही शोधा, 20 चा जनक सापडत नाही. 31, 42, 53 यांनाही जनक नाही. अशा संख्यांना त्यांनी स्वयंभू किंवा देवळाली संख्या म्हटले. मुंबईजवळच्या डोंबिवली स्थानकाचे जुने नाव डेम्लो होते. तेथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटले. असे हे गुरुजी! गाव असो की स्थानक, त्यांना सगळीकडे आकडेच दिसत.

आता त्यांचे सर्वांत प्रसिद्ध कोडे पाहू. वही आणि पेन्सिल घ्या. कोणतीही चारअंकी संख्या निवडा. फक्त तिचे चारही अंक सारखे नकोत. त्या अंकांपासून सर्वांत मोठी संख्या लिहा. मग सर्वांत लहान संख्या लिहा. मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जे उत्तर येईल, त्याच्यावर पुन्हा हेच करा. उर्दू आपण उजवीकडून डावीकडे लिहितो, पण उर्दूतही आकडे डावीकडून उजवीकडेच लिहितो. त्यामुळे हे कोडे समजायला तुम्हांला मुळीच जड जाणार नाही.

बोईसरजवळच्या तारापूर येथील अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झाले. आपण तेच साल घेऊ.

9961 − 1699 = 8262
8622 − 2268 = 6354
6543 − 3456 = 3087
8730 − 0378 = 8352
8532 − 2358 = 6174

आता 6174 घेऊन पाहा.

7641 − 1467 = 6174

पुन्हा 6174 च आले! आता कितीही वेळा वजाबाकी करा, उत्तर बदलणार नाही. तुम्ही म्हणाल, हा 1969 चा योगायोग असेल. मग तुमच्या जन्माचे साल घ्या. गाडीच्या पाटीवरचा चारअंकी नंबर घ्या. शून्य आले तर तेही सोडू नका, त्यालाही जागा द्या. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही 6174 वर येऊन पोहोचाल. आज या संख्येला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. स्थिरांक म्हणजे न बदलणारी संख्या.

हा शोध कापरेकरांनी 1949 साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. 1955 साली त्याविषयीचा त्यांचा लेख अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात छापून आला. पण म्हणून लगेच त्यांचा मानसन्मान झाला असे समजू नका. त्या काळच्या अनेक विद्वानांना त्यांचे काम म्हणजे पोरखेळ वाटे. कापरेकरांजवळ मोठी पदवी नव्हती. ते विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. एका शाळामास्तराच्या बेरीज-वजाबाकीला काय महत्त्व द्यायचे, असे लोकांना वाटे. काही जण हसत. त्यांचे कित्येक लेख लहानसहान नियतकालिकांतच छापले जात. काही पुस्तिका तर त्यांनी स्वतःच छापून घेतल्या.

मित्रांनो, लोक हसले की आपण काय करतो? वर्गात आपले उत्तर ऐकून कोणी हसले, तर दुसऱ्या दिवशी आपण हात वर करत नाही. गुरुजींनी हात खाली घेतला नाही. ते गणिताच्या परिषदांना जात राहिले. शाळांचे बोलावणे आले की तेथे जाऊन मुलांना आकड्यांच्या गमती सांगत राहिले. विद्वान हसत होते, पण फळ्यावर 6174 उमटले की मुलांचे डोळे चमकत होते.

1962 साली ते निवृत्त झाले. 1966 साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्यांची राहणी अगदी साधी होती. तरीही निवृत्तिवेतन पुरत नसे. म्हणून त्या वयातही ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. अशा दिवसांतही त्यांचा आकड्यांचा छंद सुटला नाही.

आणि मग एक नवल घडले. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे लेखक होते. सायंटिफिक अमेरिकन या मासिकात ते गणितातील कोड्यांचे सदर लिहीत. देशोदेशींचे कोडीप्रेमी ते सदर आवडीने वाचत. 1975 साली गार्डनर यांनी त्यात कापरेकरांविषयी लिहिले. देवळालीचे कोडे एकदम जगभर पसरले. निरनिराळ्या देशांतील लोक कागद-पेन्सिल घेऊन वजाबाक्या करू लागले. मोठमोठे गणिती या संख्यांवर लेख लिहू लागले. त्या वेळी गुरुजी सत्तर वर्षांचे होते.

1986 साली कापरेकर गुरुजी वारले. ज्यांना एके काळी पोरखेळ म्हटले गेले, त्या संख्या आज गणिताच्या ग्रंथांत त्यांच्या नावाने ओळखल्या जातात.

मित्रांनो, 20 या संख्येला जनक नाही. ती स्वतःच्या बळावर उभी आहे. गुरुजीही तसेच नव्हते का? डहाणू आपल्यापासून काही दूर नाही. आणि कागद-पेन्सिल तर तुमच्या दप्तरातच आहे. आज घरी गेल्यावर एखाद्याला म्हणा, मनात एक चारअंकी संख्या धर. मग पाहा, काय गंमत होते ती!

शब्दार्थ
छंद जोपासणे – आवड टिकवून ठेवणे, वाढवणे
आकडेमोड – हिशेब
जनक – जन्म देणारा
स्वयंभू – आपोआप निर्माण झालेला
पोरखेळ – मुलांचा खेळ, क्षुल्लक गोष्ट
निवृत्तिवेतन – नोकरी संपल्यावर दरमहा मिळणारी रक्कम

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कापरेकरांचा जन्म कोठे झाला?
(आ) हर्षद संख्या कशाला म्हणतात?
(इ) मार्टिन गार्डनर कोणत्या मासिकात लिहीत असत?
2. कारणे द्या.
(अ) अनेक विद्वानांनी कापरेकरांच्या कामाला महत्त्व दिले नाही.
(आ) निवृत्त झाल्यावरही गुरुजींना शिकवण्या घ्याव्या लागल्या.
3. ‘गुरुजींनी हात खाली घेतला नाही’ याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
4. वाक्यांत उपयोग करा : नाद असणे, विचारात पडणे, जड जाणे.

उपक्रम
पालघर जिल्हा 2014 साली झाला. 1905 आणि 2014 या दोन्ही संख्या घेऊन 6174 पर्यंत जा. प्रत्येकीला किती पायऱ्या लागल्या ते मोजा. नंतर 6174 ही हर्षद संख्या आहे का, ते तपासा.