विश्लेषण : दोन कानांना दोन वेगळे आवाज देणारे ॲलन ब्लमलाइन कोण होते?

एका चॅनेलच्या ॲम्प्लिफायर सर्किटला स्टिरिओ हेडफोन लावला, की अनेकदा फक्त डाव्या कानात आवाज येतो. हेडफोनच्या पिनेचे टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्या कानाचे आणि मागचा भाग दोघांचा सामायिक असतो. मोनो सॉकेटमध्ये मधल्या कड्याला सिग्नलच मिळत नाही. डावी-उजवी तार एकत्र करून आउटपुटला जोडली तर दोन्ही कान वाजतात. मात्र ३२ ओहमचे दोन ड्रायव्हर समांतर आल्याने सर्किटवर १६ ओहमचा भार पडतो. एवढे करूनही आवाज डोक्याच्या मधोमध अडकल्यासारखा वाटतो, कारण दोन्ही कानांना एकच सिग्नल जातो. नेमकी हीच उणीव ब्लमलाइन यांना खटकली होती, तीही सिनेमागृहात.

पडद्यावर काय चुकत होते?

ब्लमलाइन यांचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनमध्ये झाला. १९२९ मध्ये ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत रुजू झाले. १९३१ मध्ये तिच्या विलीनीकरणातून ईएमआय कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी भावी पत्नी डोरीन यांच्यासोबत सिनेमा पाहताना, नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्यांना खटकले, असे सांगितले जाते. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी पेटंटचा अर्ज केला. त्यात ७० दावे होते!

काटकोनात ठेवलेले दोन माइक आणि तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन स्वतंत्र चॅनेल, या दोन्ही कल्पना त्यात आहेत. माइकची ती रचना आजही ‘ब्लमलाइन पेअर’ म्हणून ओळखली जाते. विशेष म्हणजे त्यांचा विचार हेडफोनसाठी नव्हे, तर समोर ठेवलेल्या दोन स्पीकरसाठी होता. १९३४ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम यांच्या ऑर्केस्ट्राचे प्रायोगिक स्टिरिओ ध्वनिमुद्रणही झाले. बाजारात मात्र काहीच आले नाही. ईएमआयचे लक्ष टेलिव्हिजनकडे वळले आणि ब्लमलाइनही त्याच कामाला लागले. बीबीसीने १९३६ मध्ये वापरलेल्या ४०५ रेषांच्या टीव्ही यंत्रणेमागे त्यांचा मोठा वाटा होता.

मृत्यूची बातमी का दडवली गेली?

दुसऱ्या महायुद्धात ते ‘एच२एस’ रडारवर काम करत होते. रात्री किंवा ढगांतूनही बॉम्बफेकी विमानाला खालची जमीन ‘दिसावी’, यासाठी ते रडार होते. ७ जून १९४२ रोजी त्याची चाचणी घेणाऱ्या हॅलिफॅक्स विमानाच्या इंजिनाला आग लागली आणि विमान इंग्लंड-वेल्स सीमेजवळ वेल्श बिकनर येथे कोसळले. सर्व ११ जण ठार झाले. ब्लमलाइन अवघे ३८ वर्षांचे होते आणि त्यांच्या नावावर १२८ पेटंट होती. रडारची माहिती शत्रूला लागू नये म्हणून या दुर्घटनेबाबत गुप्तता पाळली गेली.

स्टिरिओ तबकड्या दुकानांत आल्या त्या १९५८च्या सुमारास. त्यांची खाच ब्लमलाइन यांनी पेटंटमध्ये मांडलेल्या तत्त्वावरच कोरलेली होती. त्यांना तांत्रिक ग्रॅमी मिळाला तो २०१७ मध्ये.